हनिबलचा सदरा

कॉर्नवॉलच्या त्या तांब्याच्या खाणीवर जेनेफर लहानपणापासून दगड फोडत आली होती. लग्न तिथेच जमलं, हनिबलशी. आणि हनिबल बुडालाही तिथेच. शेजारच्या जुन्या खाणीत तुंबलेलं पाणी एकाएकी आत फुटलं. बाकीचे वर आले, तो राहिला.

तेव्हापासून वाफेचं इंजिन पाणी उपसत होतं. पाणी उतरलं की हनिबल हाती लागेल, मग त्याला नीट पुरता येईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मूठमातीसाठी त्याचा रविवारचा सदरा ती दर आठवड्याला धुवायची आणि इंजिनघरात, बॉयलरच्या उबेला दोरीवर टाकायची. रडू मात्र येत नव्हतं.

"जन्मात आंघोळीचं नाव घेतलं नाही मेल्यानं," दगड फोडता फोडता म्हातारी टॅमसिन म्हणाली, "आता बघ, पाण्यातून निघायला तयार नाही!"

बायका चपापल्या. जेनेफर हसली. तिचा हातोडा चालूच होता.

शनिवारी खाणीचा कारभार बघणारा कॅप्टन आला. "वेल्सचा कोळसा परवडत नाही गं पोरी. भागीदारांनी हात वर केलेत. आहे तेवढा जळेल, मग इंजिन बंद."

"बरं," ती म्हणाली.

घरी जाऊन तिने चुलीसाठी रचलेलं काटेरी सरपण पाठीवर बांधलं, हनिबलची खुर्ची काखेत मारली आणि इंजिनघर गाठलं. इंजिनावर तिचा दीरच होता, डिगरी. शेवटचा कोळसा भट्टीत गेला होता.

"वहिनी, वेड लागलंय का? या राक्षसाच्या दातालाही लागायचं नाही हे."

"घाला, भावजी."

"अहो, पाणी वीतभरसुद्धा..."

"ठाऊक आहे. घाला."

त्याने सरपण टाकलं, मग खुर्ची मोडून भट्टीत सारली. डोक्यावरची, पंप ओढणारी इंजिनाची प्रचंड तुळई आणखी थोडा वेळ वरखाली झाली. बाहेर तांबूस पाणी उसळलं, मग त्याची धार बारीक झाली. शेवटी तुळईचं टोक खाणीच्या तोंडाकडे झुकलं आणि तसंच राहिलं.

इंजिनाच्या ठोक्यावर ती घरी कणीक मळायची. आता कानात काहीच नव्हतं.

भट्टी विझत आली. उघड्या अंगाचा डिगरी कुडकुडायला लागला. जेनेफरने दोरीवरचा सदरा काढला, झटकला.

"घाला. गार वारा सुटलाय."

"वहिनी, हा तर त्याचा..."

"बाह्या लांब होतील तुम्हाला. दुमडून घ्या."