सांगून बांधलेले दोरे

रायनाबाई मिलुशेवांनी छत्तीस वर्षं पहिली ते चौथीची मुलं शिकवली. गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेले होते. उरलेले निम्मे जर्मनीला किंवा स्पेनला गेले होते, तेही त्यांच्या हाताखालूनच. दान्यूबच्या काठावरचं ते गाव दरवर्षी थोडं थोडं रिकामं होत होतं, आणि बाईंच्या शेवटच्या वर्गात अकरा मुलं होती. पूर्वी एवढी मुलं नुसती गैरहजर असायची.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. विषय होता, शाळकरी मुलांचे आपसातले संबंध. प्रत्येक मुलानं चिठ्ठीवर तीन नावं लिहायची, मला कोणाशेजारी बसायला आवडेल त्यांची. मग शिक्षकानं कागदावर प्रत्येक मुलाचा एक गोल काढायचा आणि ज्यांची नावं त्यानं लिहिली त्यांच्या गोलांकडे बाण ओढायचे. बाईंना आधी हसू आलं. कोणाचं कोणाशी फाटलंय हे त्यांना मधल्या सुट्टीत खिडकीतून दिसायचं. पण शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं, आणि ज्या गोष्टीचं प्रमाणपत्र मिळतं तिच्यावर हळूहळू माणसाचा विश्वास बसतो.

तिसरीच्या वर्षी सप्टेंबरात गालेना आली. दोन वर्षांची असताना आई तिला स्पेनला घेऊन गेली होती. आता आईला म्हाताऱ्यांची देखभाल करायचं काम मिळालं होतं, राहून करायचं, आणि म्हाताऱ्यांच्या घरात नऊ वर्षांच्या मुलीला जागा नव्हती. म्हणून गालेना परत, पेनाआजीकडे.

पहिल्याच दिवशी तिहोमिरनं तिला विचारलं, "लपाछपी खेळणार?"

गालेनानं जोरजोरात मान वर-खाली हलवली. स्पेनमध्ये हो म्हणायला तशीच हलवतात. आमच्या गावात ती नाही म्हणायला हलवतात.

"नको तर नको!" तिहोमिर म्हणाला. "मोठी आली स्पेनची राणी!"

बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गाला सगळं समजावून सांगितलं. मुलांनी ऐकून घेतलं. पण टोपणनाव एकदा चिकटलं की खुलाशानं निघत नाही. राणी, तुझी पेन्सिल धरणारा नोकर कुठे गेला? राणीसाहेब, सरका, इथे प्रजा बसलीय. ऑक्टोबरात बाईंनी चिठ्ठ्या लिहून घेतल्या. दहा गोलांवर बाणांची गर्दी झाली आणि अकरावा कोरा राहिला. त्या गोलाच्या मालकिणीनं आपल्या चिठ्ठीवर तीन नावं लिहिलीच नव्हती. लिहिलं होतं, "कोणीही चालेल."

ती चिठ्ठी बाईंनी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि मनाशी ठरवलं की आपण शाळा सोडायच्या आत या गोलाकडे एक तरी बाण यायलाच हवा. त्यांनी गालेनाला तिहोमिरशेजारी बसवलं. तिहोमिर बाकाच्या दुसऱ्या टोकाला इतका सरकला की दोनदा खाली पडला. त्यांनी तिला कवायतीत पुढे उभं केलं. तिच्या मागे कोणी उभं राहीना. शाळा सुटली की त्या रिकाम्या वर्गात तासभर बसायच्या, तो गोलांचा तक्ता समोर घ्यायच्या आणि रंगीत पेन्सिलींनी बाण गिरवत नवनवे उपाय शोधायच्या.

नेमक्या त्याच तासात नदीच्या कठड्यावर दोन मुली बसलेल्या असायच्या. एक गालेना. दुसरी झोरा, बेकरीवाल्याची मुलगी, जी वर्गात इतकी कमी बोलायची की तिला सर्दी झालीय की नाही हेही कळत नसे. जानेवारीत एकदा घसरड्या बर्फावर झोरानं गालेनाचा हात धरला, आणि मग सोडायचं राहून गेलं. झोरा दप्तरातून पावाच्या करपलेल्या कडा काढायची. गालेना तिला स्पॅनिश शिव्या शिकवायची. झोराचं घर त्या वाटेवर नव्हतंच. हे सगळं बाईंना फार उशिरा कळलं. तक्ता ऑक्टोबरचा होता.

मार्चची पहिली तारीख जवळ आली. त्या दिवशी आमच्याकडे एकमेकांच्या मनगटावर लाल-पांढरे दोरे बांधतात. स्वतःचा स्वतःला बांधता येत नाही, कोणीतरी बांधावा लागतो. आणि पहिला करकोचा किंवा पहिलं फुललेलं झाड दिसेपर्यंत तो काढायचा नसतो. कोणाच्या मनगटावर किती दोरे आहेत हे त्या दिवशी शाळेत कोणी मोजत नाही, पण सगळ्यांना पाठ असतं.

बाईंनी तीन दिवस आधी फर्मान काढलं. "प्रत्येकानं दहा दोरे आणायचे. वर्गातल्या प्रत्येकाला एक. सगळे सारखे. मणी नको, लोकरीच्या बाहुल्या नकोत, लहान-मोठं नको. मी यादीवर खूण करणार आहे."

"बाई, राणीला पण?" मागून आवाज आला.

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

एक तारखेला हजेरीच्या क्रमानं वीस मिनिटांत बांधून झालं, लसीकरण उरकावं तसं. गालेनाच्या मनगटावर दहा दोरे. बाईंनी फोटो काढून तिच्या आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, नुसती रडणारी तोंडं. बाईही त्या दिवशी आनंदात होत्या.

तीन तारखेला गालेनाचं मनगट रिकामं.

"दोरे कुठे गेले गं?"

"कंपासपेटीत आहेत, बाई."

"अगं, करकोचा दिसायच्या आधी काढतात का? अपशकुन असतो."

"पण ते गृहपाठाचे आहेत ना," गालेना म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "गृहपाठ तपासून झाला की ठेवून देतात."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर झोरा फळा पुसायला थांबली. पुसून झाल्यावर तिनं दप्तरातून पावाच्या कागदाची पुडी काढली. आत लाल-पांढऱ्या लोकरीची वेणी, टोकाला निळा मणी.

"हा गालेनाचा आहे, बाई. मी तीन आठवडे विणला. दोनदा उसवला."

"मग बांधला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात मणी नको."

रायनाबाई खुर्चीवर बसल्या.  

"मग आत्ता दे," त्या म्हणाल्या. "ती फाटकापाशीच असेल."

"आत्ता? तीन तारखेला कोण देतं, बाई?"

"दे गं. मी सांगते ना."

बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. फाटकाशी झोरानं पुडी उघडली. गालेनानं मणी पाहिला आणि तिचा चेहरा असा उजळला की बाईंनी खिडकीची कडी घट्ट धरली. मग गालेनानं वर शाळेकडे पाहिलं. खिडकीकडे.

"बाईंनी सांगितलं?"

झोराला खोटं बोलायची सवय नव्हती. आणि 'हो, पण' यातला 'पण' नवव्या वर्षी उलगडून सांगता येत नाही.

"हो," ती म्हणाली.

गालेनानं हात पुढे केला. "मग बांध. नाहीतर तुला ओरडतील."

झोरानं बांधला. त्या दिवसानंतर दोघी कठड्यावर बसल्या नाहीत. बाईंनी गालेनाला जवळ बोलावून सांगितलं की झोरानं तो स्वतःच्या मनानं विणला होता, कोणी सांगायच्या कितीतरी आधी. गालेनानं नीट ऐकून घेतलं. "तुम्ही तसं म्हणणारच, बाई," ती म्हणाली, आणि बाईंना वाईट वाटू नये म्हणून हसली.

मार्चच्या शेवटी बुधवारी पेनाआजी शाळेत आली. "आईला खोली मिळाली. उद्या साडेसातच्या गाडीनं सोफियाला, तिथून विमान."

"उद्या? मग वर्गात निरोपाचं काहीतरी..." बाई बोलता बोलता थांबल्या.

"काही नको. पोरगी म्हणते, कुणाला सांगू नका. कुणाला यायचंच असेल तर येईल म्हणते. आता न सांगता कोण येणार, तुम्हीच सांगा! वेडीच आहे."

संध्याकाळी रायनाबाई बेकरीत गेल्या. गल्ल्यामागे खोक्यावर उभी राहून झोरा पाव देत होती.

"काय देऊ, बाई?"

"एक पाव."

"कालच नेलात की."

"संपला," बाई म्हणाल्या. त्या एकट्या राहत होत्या, आणि कालचा पाव घरी कापडात गुंडाळलेला होता.

एक वाक्य बोलायचं होतं. उद्या साडेसात, स्टँड. झोरा नक्की आली असती. धावत आली असती. आणि गालेनानं स्टँडवर तोच प्रश्न विचारला असता, आणि झोरानं खरं उत्तर दिलं असतं. बाई पाव हातात घेऊन उभ्या राहिल्या. मागे दोन बायका ताटकळत होत्या.

"आणखी काही?" झोरानं विचारलं.

"नाही. काही नाही."

सकाळी स्टँडवर आजी, एक बॅग, गालेना आणि रायनाबाई. गालेनाची बाही बोटांपर्यंत खाली ओढलेली होती. ती बाजाराच्या कोपऱ्याकडे पाहत होती. चालकानं सिगारेट संपवली, मग दुसरी पेटवली. बाईंनी मनातल्या मनात त्याला तिसरी ओढायला सांगितलं, पण त्यांचं सांगणं फक्त मुलंच ऐकायची.

"कोणी येणार होतं का गं?" आजीनं विचारलं.

"नाही," गालेना म्हणाली आणि गाडीत चढली.

आठ वाजता बाईंनी हजेरी घेतली. एक नाव सोडून त्या पुढे जाणार, तोच झोरा उभी राहिली. "बाई, गालेना राहिली."

"गेली ती. आईकडे."

"कधी?"

"आज. साडेसातच्या गाडीनं."

"आमची गाडी रोज साडेसातलाच स्टँडवर पाव टाकायला जाते, मी त्यातूनच येते," झोरा म्हणाली. "आज मला उशीर झाला म्हणून बाबा थांबले होते. मला माहीत असतं तर मी बाबांना म्हटलं असतं, लवकर निघालो असतो." तिला धाप लागली होती. एवढी लांब वाक्यं ती वर्गात कधी बोलली नव्हती. "मला कुणी सांगितलंच नाही."

बाईंनी हजेरीपटाकडे पाहिलं. पुढचं नाव झोराचंच होतं. ते त्यांनी मोठ्यानं घेतलं, आणि ती समोर उभीच होती, तरी तिच्याकडून 'हजर' येण्याची वाट पाहत राहिल्या.