आकृतीत नसलेला ओ

आमचे सर भूमिती शिकवत नसत, पाठ करून घेत. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ, एका मेडिकलच्या वर त्यांचा क्लास. दहावीचं वर्षभर मी केंदूरहून तिथं जात होते. ‘अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो’ हे प्रमेय आम्ही साठ पोरंपोरी एका सुरात म्हणायचो. केंद्र ओ, व्यास एबी, वर्तुळावरचा बिंदू सी. असं का, हे कुणीच विचारत नसे. मीही नाही, आणि मी म्हणे क्लासमधली हुशार मुलगी.

पूर्वपरीक्षेचा पेपर सरांनी बाहेरून विकत आणला. त्यात हेच प्रमेय होतं, फक्त आकृतीत केंद्र एम, व्यास पीक्यू आणि वर्तुळावर आर. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून ओ, ए, बी, सी लिहिलं. सरांनीही डोळे मिटून पैकीच्या पैकी दिले. मी पहिली आले. पहिलीचा फोटो स्टँडवरच्या फ्लेक्सवर लागणार होता. आईनं त्यासाठी ड्रेससुद्धा शिवून घेतला.

घरी पेपर पुन्हा पाहिला तेव्हा चूक दिसली आणि स्वतःचीच किळस आली. वहीत एमपासून आरपर्यंत रेघ मारली. त्रिज्या सारख्या, म्हणून दोन समद्विभुज त्रिकोण. प्रत्येकात दोन सारखे कोन. हे चारही मिळून मोठ्या त्रिकोणाचेच कोन, म्हणून बेरीज एकशे ऐंशी, आणि प्रत्येक जोडीतला एकेक कोन आरपाशी. म्हणजे तिथं बरोबर निम्मे, नव्वद. दहा मिनिटांचं काम. त्याची आम्ही वर्षभर आरती म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी पेपर आणि वही सरांपुढे ठेवली.

“सर, आकृतीत ओ नाहीच.”

वहीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. लाल पेनानं माझे मार्क तेवढे कापले.

“मला शिकवतेस? बस खाली.”

बाकीच्यांचे ओ तसेच राहिले. फ्लेक्सवर दुसरी मुलगी झळकली. तिनंही ओच लिहिला होता.

“गप बसली आसतीस तर काय बिघडलं आसतं?” आई म्हणाली. ते मला सरांच्या पेनापेक्षा जास्त लागलं.

आता मी दौंडला कॉलेजात गणित शिकवते. गेल्या महिन्यात आईचा फोन आला. “आगं, स्टँडवर तुझा फोटू लागलाय. सर इसरले न्हाईत बघ.”

मला विचारायची तसदी त्या माणसानं घेतली नव्हती. रविवारी आईला घेऊन मुद्दाम बघायला गेले. ‘आमचीच विद्यार्थिनी’, भलंमोठं. मागं शोभेसाठी अर्धवर्तुळ, त्यात त्रिकोण आणि काटकोनाची खूण. त्रिकोणाचं टोक वर्तुळाला टेकलेलंच नाही, आतच कुठंतरी लोंबतंय. तो कोन काटकोन असूच शकत नाही, आणि इतक्या वर्षांत या मठ्ठ माणसाला ते कळलेलं नाही.

फ्लेक्स तिथल्या तिथं फाडून टाकावासा वाटला.

“उभी ऱ्हा त्याच्यापाशी,” आई मोबाइल काढत म्हणाली.

मी केस नीट केले आणि उभी राहिले.