तिनं पाणी मागावं म्हणून

सकाळी उठून पाहते तर घरात अकरा पेले पाणी भरून ठेवलेलं. टीव्हीशेजारी एक, कूलरवर दोन, खिडकीत तीन, चपलांच्या रॅकवरसुद्धा एक. हा उद्योग माझ्या सासऱ्यांचा. आदल्याच संध्याकाळी मी त्यांना तासभर समजावलं होतं की मामाजी, आजपासून पोरीला पाणी आपण होऊन द्यायचं नाही, तिनं मागितल्यावरच द्यायचं. त्यांनी सगळं ऐकून मान हलवली होती. आणि हे!

"एवढे काहून भरले?" मी विचारलं.

"उन्हाळा हाय वं. पोरीले लागते."

डोकं असं सणकलं म्हणता! अकराच्या अकरा पेले कूलरमध्ये ओतले आणि माठ उचलून वरच्या फळीवर ठेवला. दुपारी पाहिलं तर माठ पुन्हा खाली, पोरीच्या हाताशी.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे, ती बोलत नाही. आम्ही खापरखेड्याच्या कॉलनीत राहतो. नवरा वीज केंद्रात शिफ्टला जातो, मामाजी तिथूनच रिटायर झालेत. एप्रिलमध्ये एका शाळेनं तिला एक दिवस बसवून पाहिलं. तीन तासांनी घ्यायला गेले तर पोरीचे ओठ पांढरे पडलेले आणि दप्तरातली बाटली जशीच्या तशी भरलेली. झाकण तिला उघडता येत नाही. शिक्षिका म्हणाल्या, "तिनं काही मागितलंच नाही हो." त्यांचं तरी काय चुकलं? तहान लागली एवढं तिला सांगता आलं तर जूनमध्ये घेऊ, असं त्या म्हणाल्या. म्हणजे माझ्या हातात दोन महिने होते.

शहरात, धंतोलीत, तिच्या थेरपीच्या मॅडम आहेत. त्यांनी मला वहीत तीन रकाने आखायला लावले. आधी काय घडलं, मग पोरीनं काय केलं, आणि त्यावर तिला काय मिळालं. आठ दिवस लिहिलं. मधल्या रकान्यात पानोपानी 'किंचाळली', आणि तिसऱ्यात 'मामाजींनी पाणी दिलं'. वही वाचून मला रडूच आलं. किंचाळणं हीच तिची भाषा झाली होती आणि ती तिला आम्हीच शिकवली होती. ज्या वागण्यामागून हवं ते मिळतं, ते वागणं पक्कं होतं, मॅडम म्हणाल्या. मग शाळेत ती का नाही किंचाळली? तर तिथं पाणी आणणारे मामाजी नव्हते. ती नुसती बसून राहिली.

उपाय ऐकायला सोपा होता. पाण्याच्या पेल्याचं चित्र असलेलं एक कार्ड करायचं. एकानं पाणी घेऊन समोर बसायचं, दुसऱ्यानं मागून, तोंडातून चकार शब्द न काढता, तिचा हात धरून ते कार्ड समोरच्याला द्यायला लावायचं. कार्ड हातात पडलं की त्याच क्षणी पाणी. घोट-घोटच द्यायचं, म्हणजे पुन्हा मागायची वेळ येते. तहानलेलं ठेवायचं नाही, हे मॅडमनी तीनदा बजावलं. मग मागची मदत हळूहळू कमी करत न्यायची. आधी हात धरायचा, मग नुसतं मनगट, मग कोपराला बोट, मग काहीच नाही.

सोपा! पण दोन माणसं लागतात ना त्याला. नवरा घरी असला की मागं बसायचा. तो ड्यूटीवर गेला की मी एकटी, आणि मामाजी पेला घेऊन दारात उभे.

मीही काही कमी माती खाल्ली नाही. एका दुपारी कार्ड तिच्या पुढ्यातच होतं. ती किंचाळायला लागली आणि मी ठरवलं, आज द्यायचंच नाही. वीस मिनिटं मी दात आवळून बसले. तिनं भिंतीवर डोकं आपटलं तेव्हा माझा धीर सुटला आणि मी पेला तिच्या तोंडाला लावला. मॅडमनी कपाळाला हात लावला. "आता तिला कळलं, की वीस मिनिटं किंचाळून, डोकं आपटलं की मिळतं. वाट बघत बसायचंच नव्हतं. लगेच हात धरून कार्ड द्यायला लावायचं होतं."

तो सगळा राग मी मामाजींवर काढला. "एकदा तरी तिच्या मागं बसा ना! पाणी पाजून पाजून तुम्हीच तिचं तोंड बंद केलं!"

मामाजी कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. "माह्या बापानं धम्मदीक्षा घेतली, त्याच्या आधीचं सांगतो. गावच्या विहिरीपाशी ओंजळ धरून बसा लागे त्याले. कोणी वरून ओतलं तर प्यायचं, नाही तर तसंच घरी यायचं. आपल्या घरात पाण्यासाठी कोणी हात पसरणार नाही, असं तो सांगून गेला. अन् तू माह्या नातीलेच मागाले लावून राहिली?"

त्यांचं बरोबरच होतं. आणि तरीही माझी पोरगी तीन तास कोरड्या घशानं बसली होती, हेही तितकंच खरं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार?

मे महिन्यात एकदा नवऱ्याची डबल ड्यूटी लागली, म्हणून धंतोलीला मामाजी आमच्यासोबत आले. मॅडमकडं ही गर्दी. शेजारच्याच हाडांच्या डॉक्टरांच्या बाकावर एक बाई एक्स-रेचा लिफाफा मांडीवर घेऊन बसली होती, तिच्या हातात पाण्याची बाटली होती. पोरीनं बाटलीकडं पाहिलं. कमरेला अडकवलेलं कार्ड ओढून काढलं, चालत गेली आणि त्या बाईच्या हातात दिलं. पहिल्यांदाच मागून कोणी हात धरला नव्हता.

मामाजी पिशवीतली बाटली काढत उठायला लागले. मी त्यांची बाही धरली. "थांबा मामाजी. हात जोडते, थांबा."

"छान हाय वं चित्र," म्हणत बाईनं कार्ड परत केलं.

झालं! आता किंचाळणार, मला वाटलं. पण तिनं कार्ड पुन्हा बाईच्या मांडीवर ठेवलं आणि उभी राहिली.

"बाई," मामाजी म्हणाले, "पाणी मागून राहिली ते. द्या तिले."

"अवं माय, मंग सांगा ना!" बाईनं झाकण काढलं आणि बाटलीच तिच्या हातात दिली. पोरगी तोंड लावून घटाघट प्यायली. बाईनं बाटली परत घेतली, न पुसता तशीच तोंडाला लावून स्वतः दोन घोट प्यायली, झाकण लावलं आणि पुन्हा आपला नंबर कधी येतो ते पाहत बसली.

मामाजी त्या बाटलीकडं किती तरी वेळ पाहत राहिले. आम्ही बसनं परत आलो. कॉलनीच्या गेटाशी उतरल्यावर पोरीचं बोट धरून म्हणाले, "सूनबाई, तो माठ वरच्या फळीवर ठेवजो. अन् मागं कसं बसायचं, ते मले दाखव."