स्क्रूड्रायव्हर कानाला लावणारा

आमच्या जुन्या जीपचा मेकॅनिक काम करताना अखंड बोलतो. बांगडे, पाऊस, दुबईतला भाऊ, त्याला काहीही पुरतं. बोलता बोलताच लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि म्हणतो, "काय नाय, चालेल." मग मला शेजारी बसवून एक फेरी मारतो.

आज सकाळी जयगडवरून येताना उतारावर आतून ठकठक सुरू झाली, म्हणून गाडी थेट त्याच्याकडे आणली. त्याने कान लावला आणि बोलायचाच थांबला. इंजिन बंद करून म्हणाला, "हे कधीपण जाम होईल. सकाळी जयगडवरून येताना उतारावर गाडीत कोण होतं?"

"बायको. दोन्ही मुली."

फेरीसाठी मी सवयीने शेजारी चढायला लागलो, तसा त्याने माझा दंड धरला. किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"रिक्षानं जा."