झाड गेल्यानंतरचा मे

आमच्या प्रताप नगरातल्या इमारतीसमोर कडुनिंबाखाली एक नवरा-बायको इस्त्रीची गाडी लावत. तो कोळशाची इस्त्री फिरवायचा, ती घरोघरचे कपडे आणायची. वीस वर्षं तरी मी त्यांना तिथंच पाहिलं.

मग रस्ता रुंद, सिमेंटचा व्हावा म्हणून आम्ही रहिवाशांनी अर्ज केला. त्यावर माझीही सही होती. रस्ता झाला, झाड गेलं. इस्त्रीवाल्यानं चार बांबूंवर पत्रा टाकला आणि कामाला लागला.

त्या मे महिन्यात मोबाइलवर रोज इशारा यायचा, की दुपारी बारा ते चार उन्हात निघू नका. मी तो त्याला वाचून दाखवला. म्हटलं, "दुपारचे घरी जात जा ना."

"घरी काहून जाऊ, ताई? तिथंही पत्राच हाये. इथं चार कपडे तरी होतात."

मी त्याला ताक दिलं आणि वर येऊन कूलरसमोर आडवी झाले.

तीन-चार दिवसांनी भर दुपारी त्याच्या बायकोची हाक ऐकू आली. खाली धावले. तो गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. बायकोकडे बघून म्हणत होता, "माय, भूक लागली वं."

मी बादलीभर पाणी आणलं. "चादर भिजव, गुंडाळ त्याला."

गाडीवर इस्त्री केलेल्या चादरींची चळत होती, पण तिचा हात पुढे होईना. "लोकाइच्या हायेत, ताई."

"माझी घे. ती निळी."

ऑटोतून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

"सकाळपासून डोकं दुखून राहिलं म्हणे," ती मला म्हणाली. "मीच म्हटलं, एवढे कपडे होऊ द्या, मंग जाऊ." मी तिचा हात धरून बसले. सहीचं मात्र तिला सांगू शकले नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

पुढं ती हुडकेश्वरकडे लेकीजवळ राहायला गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले, तर घराला कुलूप. शेजारणीनं वस्तीतल्या विहाराकडे बोट दाखवलं. आत पंख्याखाली म्हातारीकोतारी माणसं बसली होती आणि ही माठातून पाणी देत होती. दुपारी विहार उघडा ठेवा, असं वस्तीतल्या बायांनीच ठरवलं होतं. पत्र्याच्या खोल्यांतून एकेकाला बोलावून आणायचं काम हिनं घेतलं होतं.

"बोलावलं नाही तं येत नाहीत," ती म्हणाली. "म्हणतात, थोडं काम राहिलं."

तिनं माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला, ओढणी डोक्यावर घेतली आणि शेवटच्या गल्लीत कोण राहिलंय ते बघायला निघून गेली.