बोटं नकोत, तळवे

पाणी गाळायच्या सिरॅमिक नळ्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे मऊकाका म्हणत. जीभ तिखट, पण हात लोण्यासारखे. नळी भट्टीत भाजली की तिच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून गढूळ पाणीही नितळ होऊन येतं, औषध गाळलं तर त्यातला नको तो गाळ वेगळा होतो. पण हा सगळा तोरा नंतरचा. साच्यातून निघते तेव्हा ती कणकेसारखी मऊ. एका अंगावर पडून राहिली की चपटते, आणि वाकली की भंगारात. म्हणून सुकेपर्यंत तिला सारखं वळवत राहायचं. "बोटं लावाल तर खड्डा पडेल," काका नव्या पोरींना दटावत. "तळवे पसरा आणि अख्खी एकदम फिरवा. तिला कळतासुद्धा कामा नये."

एवढ्या वाकबगार माणसाने घरी मात्र हात टेकले होते. बायको अर्धांगवायूचा झटका येऊन अंथरुणाला खिळली होती. पडून पडून कमरेपाशी कातडी लाल झालेली. कुशीवर वळवत राहा, जखम चिघळली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण काकांनी हात लावला की ती कळवळायची. शेवटी म्हणाली, "राहू द्या. आहे तशी पडते."

काका कावरेबावरे होऊन उभेच राहिले. त्यांची कीव येऊन तिनेच विषय बदलला. "दिवसभर करता तरी काय हो तिकडे?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. काका लोड समोर घेऊन हौसेने दाखवू लागले. भट्टीत जाईपर्यंत नळी कच्ची, म्हणून तळवे असे पसरायचे, बोटं अजिबात नाही.

"आणि मला?" तिने दंड पुढे केला. दंडावर निळे डाग होते, बोटांचे.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. नळीवर असा एक ठसा दिसता तर त्यांनी कारखाना डोक्यावर घेतला असता.

"तू पडशील या भीतीने घट्ट धरतो गं," ते कसेबसे म्हणाले.

मग त्यांनी सुनेला हाक मारली. सुनेचे तळवे बायकोच्या गुडघ्यांखाली, काकांचे खांद्याखाली आणि कमरेखाली. दोघांनी तिला अख्खी एकदम फिरवली. बायको डोळे मिटून कळ येण्याची वाट बघत राहिली.

"वळवा की," ती म्हणाली.

"वळवलं, आई," सून म्हणाली.

बायकोने डोळे उघडले. समोर छत नव्हतं, भिंत होती.

"आता भट्टीत घालायची घाई करू नका म्हणजे झालं."

काकांनी तिच्या पाठीवरचा तळवा काढला नाही. दुसऱ्या हाताने डोळे पुसले.

"भट्टीला फार वेळ आहे," ते म्हणाले. "अजून कच्ची आहेस तू."