मंजुळाबाईच्या ओट्यावरची जप्ती

कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत भिलाईत लोखंडाआधी किस्सेच तयार व्हायला लागले! आमच्या आरोग्य ऑफिसातले तर चहाला बसलं की एकामागून एक निघतात.

भेसळीचा कायदा नवा होता. इन्स्पेक्टर टेंभुर्णेसाहेब कडक. ते फळं जप्त करायचे, मी पंचनामा लिहायचो आणि शिपाई बुधारू तो माल खड्ड्यात पुरायचा.

*

पहिल्याच जप्तीचे पेरू पुरले. सकाळी पाहतो तर खड्डा रिकामा! साहेब ओरडले, "माल कुठं गेला?"

बुधारू शांतपणे म्हणाला, "साहेब, मजुरायनं परत जप्ती केली!"

तेव्हापासून खड्ड्यात फिनाईल पडू लागलं.

*

सेक्टर सहाच्या बाजारात गोंदियाकडची मंजुळाबाई फळं विकायची. तिचं घर त्या ओट्यावरच चालायचं. एकदा साहेबांनी तिची काळ्या ठिपक्यांची केळी उचलली. तेवढ्यात एका रशियन इंजिनिअरनं टोपलीतलं एक सोलून खाल्लं, "खराशो!" म्हणजे 'झकास!' म्हणाला आणि दुसरं घेतलं.

मंजुळाबाई म्हणाली, "कारखाना बांधणाऱ्याले चालते, तुमाले कावून नाई चालत?"

केळी तरीही गेलीच!

*

पुढं तिच्या आंब्यांचा नमुना बाटलीत भरून लाखेचं सील लावलं. तपासणीला पाठवायचा राहिला आणि भर उन्हाळ्यात कपाटात बाटली फुटली. धडाम! हेडक्लार्क खुर्चीतून उठले, "ब्लास्ट फर्नेस सुरू झाली का हो?"

नमुनाच गेला, केस बारगळली. साहेबांनी मंजुळाबाईला बजावलं, "या खेपेला वाचलीस. पुन्हा सडका माल दिसला, तर ओटा खाली!"

*

अक्षयतृतीयेचा दिवस. घरोघरी रस व्हायचा, बाजारात गर्दी. साहेबांनी मंजुळाबाईच्या ढिगातला आंबा उचलून दाबला. अंगठा आत गेला.

"लिहा! माल सडका. ओटा आजच खाली."

"साहेब, रसाचा आंबा हाये थो. मऊच रायते!" मंजुळाबाई म्हणाली.

पंच दोन लागायचे. शेजारचा कांदेवाला कसाबसा तयार झाला. दुसरा कुणी होईना. जो तो पिशवी सावरत सटकू लागला. साहेब गरजले, "अरे, या मालाबद्दल खरं सांगणारं एक तरी माणूस आहे का इथं?"

तेवढ्यात गर्दीतून मागून एक पिशवी पुढं आली. साहेबांच्या बाईसाहेब! त्यांचं लक्ष फक्त आंब्यांकडं.

"मंजुळाबाई, कालच्यासारखेच मऊ दे बरं! काल आमच्या ह्यायनं वाट्यांवर वाट्या रस मागून खाल्ला!"

साहेबांचा अंगठा अजून आंब्यातच!

मंजुळाबाईनं पदर सावरला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "लिवा बाबूजी, दुसरा पंच भेटला!"